चार नंबरवरचं नाव

३ नोव्हेंबर २००९, मंगळ.
कॉम्प्युटर क्लासची सहाही मशीन्स व्हायरसने रखडलीत. एक सोडून सगळे सीडी ड्राइव्ह धूळ खाऊन बंद. सर म्हणाले, "सुरेखा, जुन्या सीडीवरून बूट होणारा पेन ड्राइव्ह बनव, त्यावरून सगळीकडे सिस्टिम नव्याने टाक." 'यावरचं सर्व पुसलं जाईल, चालेल?' असं कॉम्प्युटर विचारतो. पेन ड्राइव्ह कोरा होता, तरी तीनदा उघडून बघितला. मग हो म्हटलं.

५ नोव्हें.
एक नंबरवर टाकली. मध्येच मालकाचं नाव विचारतात ना, ते विचारलंच नाही. आपोआप भरलं गेलं. रंजना. माझं चुकलं असेल म्हणून पुन्हा टाकली. रंजना.
सर : "अगं, तुझ्या आधीची मुलगी. सीडी तिनेच केलेली. दरवेळी टाइप करायला नको म्हणून उत्तरं आधीच एका फाइलीत भरून ठेवली."
"आता कुठे असते?"
"गणपतीच्या सुट्टीनंतर आलीच नाही. घरीही नाही. पोलिसांत तक्रार दिलीय."
तिचीच खुर्ची. सोमवारी कामाला लागले तेव्हाही उंची मी बदलली नव्हती. मला बरोबर बसते.

६ नोव्हें., शुक्र.
रंजनाची आई आली. माणिकपूरच्या बाजारात भाजी विकते. पाटी दारात ठेवली. "बाय, मशीन लाव. नाव दाखव." नावाचं पान उघडलं. तिने काचेवर हात ठेवला. "मना वाचता येत नाय. तू वाच."
वाचलं. रंजना.
"हाय ना? मंग कामावर हाय ती. घरी पन येल."
ती गेल्यावर सर म्हणाले, "दर शुक्रवारी हेच. काढून टाक ते नाव, क्लासचं घाल. दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांच्या मशीनवरपण जातंय. परवा एकाने विचारलं, ही बाई कोण माझ्या घरात?"

७ नोव्हें.
काढायचं की नाही? नाव तिथे असणंही खोटंच आहे. पण काढलं तर ती 'वाच' म्हणेल तेव्हा काय वाचू?
आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच. पाचवीत असताना मामाचं पत्र आलं होतं. आईला त्रास नको म्हणून आजारपणाच्या चार ओळी गाळून वाचल्या. मामा गेल्यावर कळलं सगळ्यांना. कोणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून लिहिलं असेल तेच वाचते. लाइट बिलसुद्धा.

११ नोव्हें.
शेवटी केलं. फाइलीतलं नाव खोडून क्लासचं घातलं, पेन ड्राइव्ह पुसून नव्याने बनवला. दोन दिवसांत सहाही मशीन्स. प्रत्येक झाल्यावर नाव तपासून कागदावर नंबर, वेळ, बरोबरची खूण.

१३ नोव्हें., शुक्र.
आली. काचेवर हात ठेवला. "वाच."
चार नंबरच्या मशीनवर क्लासचं नाव होतं. मी म्हटलं, रंजना.
हात काढला नाही तिने. म्हणाली, "आज तू न बघता वाचलंस, बाय."
पाटी उचलली. मी हात लावायला गेले तर नको म्हणाली.

१४ नोव्हें.
सरांच्या आधी जाऊन सगळी मशीन्स उघडली. एक, दोन, तीन – क्लासचं नाव. पाच, सहा – तेच.
चारवर रंजना.
कागद काढला. चार, ११ तारीख, साडेबारा, खूण. अक्षर माझंच. पेन ड्राइव्हमधली फाइल उघडली, तिच्यात क्लासचंच नाव.
सर : "राहिलं असेल गं तुझ्याकडून. पुन्हा टाक."
माझ्याकडून राहत नाही. हो म्हटलं.

१८ नोव्हें.
टाकलेली नाही. सर रोज विचारतात. चारवर कोणाला बसू देत नाही, माऊस बिघडलाय म्हणते. हे दुसरं खोटं.

२० नोव्हें., शुक्र.
चार बंदच आहे. सकाळपासून बघितलेलं नाही, मुद्दाम. तिच्यासमोर लावीन, आणि आधी बघीन. असेल ते वाचीन. नसेल तर पुसणारी मी, हेही सांगीन.
जिन्यात पाटी टेकवल्याचा आवाज आला. एरवी एकटीच येते; आज कोणाशी तरी बोलत वर येतेय.