पंख्याखालची खुर्ची

करांगसारी, इमोगिरी (जावा)
४ जुलै १९९५

ती. सुमिंतेनताईस,
धाकट्या वार्तिनीचा सा. न. वि. वि.

रेत्नोचं लग्न ठरलं! २७ ऑगस्ट, रविवार. मुलगा वोनोसारीचा, शाळेत मास्तर आहे आणि इतका कमी बोलतो की पहिल्या भेटीत मला वाटलं, दाढ दुखत असेल. तुझी भाची मात्र खूश आहे. तू पिनांगहून आलीस तर ह्यांच्या माघारी माझ्या बाजूनं उभं राहायला कुणीतरी असेल. मालकिणीला सांग, सोळा वर्षं मी तुमची भांडी घासली, आठ दिवस तुम्ही घासलीत तर हात झिजणार नाहीत.

आता चिंतेची गोष्ट. माझ्या मागच्या खोलीतल्या फिनलंडच्या बाई, गाव ज्यांना बु आइला म्हणतं, त्या कायमच्या परत जाते म्हणतात. चार वर्षं झाली त्यांना इथे. भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई, पाय घरात ठरत नाहीत. दोन महिन्यांनी पिशवी उचलतात आणि जहाजाच्या सगळ्यात स्वस्त डेकवर चटई टाकून कुठल्या तरी बेटावर जातात. फ्लोरेसहून येताना एवढी सुकी मासळी आणली की बसवाल्यानं दोनदा खाली उतरवलं. पण येतात. आल्या की माझ्यासमोर बसून बाटिकसाठी कापडावर मेणाच्या रेघा ओढतात. एक रेघ धड येत नाही, तरी हसतात. त्या नसल्या की घर खायला उठतं, हे तुला म्हणून सांगते.

आता म्हणे इथे राहायच्या परवान्याची मुदत पंधरा सप्टेंबरला संपते, पुढे वाढवायची नाही. मी विचारलं, खोली गळते का, जेवण तिखट होतं का. तर म्हणाल्या, तुझ्याकडून काही कमी नाही, तू फार चांगली आहेस, आणि डोळे पुसले. अगं, मी त्यांना साधा पेला विसळू देत नाही! लग्नात त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत, पंख्याखाली, मुखियाबाईंच्या शेजारी ठेवलीय हे सांगितलं, तर जेवण अर्धं टाकून उठल्या. दुसऱ्या दिवशी मकासरचं जहाज धरलं. लग्नाला याल ना विचारलं, तर बघू म्हणाल्या. माझं काय चुकलं गं?

लवकर लिही, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
वार्तिनी


पिनांग
१९ जुलै १९९५

चि. वार्तिनीस,
अनेक आशीर्वाद.

रेत्नोची बातमी वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. पण माझं येणं होत नाही. मालकिणीच्या सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. ईदेपर्यंत सुटका नाही. रेत्नोसाठी कापड टपालानं पाठवते. जावयाला म्हणावं, बोलायचं असेल ते पहिल्या वर्षातच बोलून घे, पुढे आमची भाची संधी द्यायची नाही.

बु आइलांचं म्हणशील, तर तुझं काखेत कळसा नि गावाला वळसा चाललंय. सोळा वर्षं मी इथे परकी आहे, म्हणून मला लगेच कळलं. मला इथे कुणी बसू देत नाही, तू त्यांना उठू देत नाहीस. दोन्हींचा अर्थ एकच. बाईला मखरात बसवलंस आणि वर विचारतेस की ती का रडते.

मला एक सांग. परवा मे महिन्यात तुझा नवरा गेल्याचा हजारावा दिवस झाला, तेव्हा आळीतल्या साऱ्या बायका चुलीपाशी राबायला आल्या असतील. तेव्हा बु आइला कुठे होत्या?

पिनांग मला आपलं कधी वाटलं, माहीत आहे? सहाव्या वर्षी. शेजारची म्हातारी आ-सू कुंपणावरून ओरडली की आज चिकट भाताच्या तीनशे पुड्या बांधायच्यात आणि तू उभी काय राहिलीस. दिवस मावळेपर्यंत बोटं सुजली. घरी येऊन मी आनंदानं रडले.

लग्नाच्या कामासाठी तू वीस घरं फिरून मदतीचे हात मागणारच आहेस. एकविसावं दार तुझ्याच अंगणात आहे. तिथे जा, पण सांगायला नको, मागायला जा.

रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.
तुझी ताई,
सुमिंतेन


करांगसारी
३ ऑगस्ट १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं आणि राग उतरला, तुझ्यावरचा.

तू विचारलंस ना, त्या कुठे होत्या? आल्या होत्या, ताई. उजाडायच्या सुमाराला, केस बांधून, आपल्या इतर बायकांसारखी स्वतःची सुरी फडक्यात गुंडाळून. मी ती काढून घेतली, त्यांचा हात धरला आणि पाहुण्यांत नेऊन बसवलं. चहा दिला, केळं दिलं. ह्यांच्या आजारपणात दोन महिने त्या उशाशी बसल्या, औषधं पाजली, आणि ह्यांच्या दिवसाला मी त्यांना बघे करून ठेवलं. मला वाटलं, केवढा मान दिला मी!

पण मागू कशी? साठी उलटलेली, शिकलेली बाई. लोक म्हणतील, वार्तिनीनं तिला कांदे सोलायला बसवलं. आळीची कुठलीही चूल जिच्या शब्दावर पेटते ती कार्सी आजी म्हणाली, परदेशी हातांना शेंगा चिरायला देणं म्हणजे रेड्याला वीणकामाला बसवणं, आणि मी ओरडल्यावर रडली तर समजूत कोण घालणार. आणि खरं सांगू? मला भीती वाटते. खुर्ची द्यायला काही लागत नाही. हात मागितले आणि त्या नाही म्हणाल्या तर मी काय करू?

मकासरहून कार्ड आलंय. वीस तारखेला पोचते, लग्न बघून निघेन, असं लिहिलंय. नुसतं बघून, ताई.

मला हे जमेलसं वाटत नाही. तरी तुझा आशीर्वाद असू दे.
तुझी,
वार्तिनी


करांगसारी
३ सप्टेंबर १९९५

ती. सुमिंतेनताईंस,
आइलाचा सा. न. वि. वि.

वयानं मी तुमच्याहून मोठी आहे, पण वार्तिनीच्या ताई त्या माझ्याही ताई. लिहिण्यात चुका दिसल्या तर गप्प बसा. कार्सी आजींनी माझ्या पुरेशा चुका काढल्या आहेत.

वार्तिनी अजून भांडी परत करत आळीभर फिरते आहे, म्हणून लग्नाची हकीकत मी लिहिते. तेवीस तारखेला मी पेटी भरायला काढली होती. आमच्या दोन खोल्यांत एक बांबूची भिंत, खोकलं तरी ऐकू येतं. पण त्या दिवशी वार्तिनी ठेवणीतलं वस्त्र नेसून, अंगणाला वळसा घालून, परक्याच्या घरी जावं तशी माझ्या पुढच्या दारानं आली. चटईच्या कडेला बसली. बराच वेळ आंब्याच्या मोहराबद्दल बोलली. मग खाली बघत म्हणाली की उद्यापासून माझ्याकडे काम आहे, हात कमी पडताहेत, तुमचे द्याल का. मी फक्त विचारलं, किती वाजता येऊ. मग आम्ही दोघी इतक्या रडलो की तिकडे तिचा भात करपला.

तीन दिवस राबले. कार्सी आजींनी मी चिरलेल्या शेंगांची पहिली टोपली उलटी केली आणि विचारलं की एवढे तुकडे चावायला तुझ्या देशात माणसांना घोड्याचे दात असतात का. दुसऱ्या दिवशी नारळ खवताना बोट कापलं. बायका आधी पोटभर हसल्या, मग हळद लावली. आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर मुखियाबाईंची निंदा झाली, आवाज जराही न उतरवता! तुमच्या बहिणीनं चहात साखर कमी टाकली म्हणून तिचीही झाली. मीही भर घातली, माफ करा.

लग्न मी पाहिलं नाही. वाजंत्री तेवढी ऐकली. मुखियाबाई मला शोधत चुलीपर्यंत आल्या, खुर्ची रिकामी आहे म्हणाल्या. वार्तिनीनं सगळ्यांदेखत सांगितलं की त्यांना वेळ नाही, भात कमी पडतोय. जेवणं झाल्यावर रेत्नो नवऱ्याला घेऊन मागे आली आणि राबणाऱ्या एकेकीपुढे वाकली. माझ्यापुढेही. जावई तेवढ्यात चक्क बोलले. शेंगा छान झाल्या, म्हणाले.

निघताना कार्सी आजींनी बजावलं की एकोणीस तारखेला माझ्या नातवाचं लग्न आहे, उजाडता ये. मी सांगितलं की पंधरालाच माझी मुदत संपते. त्या भडकल्या. मग शेंगा कोण चिरणार, म्हणाल्या, तुझा तो परवान्याचा साहेब? शुक्रवारी मी योग्याकार्ताच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. साहेबानं मुक्काम वाढवण्याचं कारण विचारलं. मी शेंगांचं सांगितलं. तो इथलाच असावा, कारण त्यानं पुढे काही न विचारता शिक्का मारला.

काल फोटोवाला अल्बम देऊन गेला. चार वर्षांत या गावात मी गेले त्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये मी आहे, पहिल्या रांगेत, हातात चहाचा पेला. हा अल्बम वार्तिनीनं आणि मी दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. ताई, मी एकाही फोटोत नाही.

ईदेला याल तेव्हा तुमचे हातही मागणार आहोत. तोवर असाच लोभ ठेवा.
तुमची,
आइला