नाणं कडेनं धरावं

३ मार्च
आले बाई एकदाची डहलोनेग्याला, या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावात, अडुसष्टाव्या वर्षी नवरी होऊन. नात मार्नीनं ही वही दिली. म्हणाली, आजी, तुझी बडबड ऐकायला मी तिथं नसणार, तर हिच्याशी बोल. चौथीत शाळा सुटली नि मी सूतगिरणीत लागले, त्यामुळे अक्षर असं कोंबडी चालून गेल्यासारखं. असू दे. घर झकास आहे. ओसरीत दोन झुलत्या खुर्च्या, समोर कॉलेजचा सोनेरी कळस. माझ्या नव्या नवऱ्यानं, थर्लोनं, स्वतः मक्याचं कॉर्नब्रेड भाजून ठेवलं होतं. तळ करपला होता, तरी मी दोनदा मागून घेतलं. माझ्या पहिल्या नवऱ्यानं, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, जन्मात कधी चूल पाहिली नाही.

६ मार्च
आज थर्लोनं पेटी दाखवली. मखमलीत बसवलेली जुनी सोन्याची नाणी, शार्लटची, न्यू ऑर्लीन्सची आणि आमच्या डहलोनेग्याची. इथली टांकसाळ यादवी लढाईच्या वेळी कायमची बंद पडली, म्हणून आहेत तेवढीच. सगळी त्याच्या आधीच्या, वारलेल्या बायकोनं, व्हर्लीननं जमवलेली. मधोमध अठराशे अडतीसचं पाच डॉलरचं. त्यावर अंबाडा घातलेली बाई, सालाच्या आकड्यावर इवलासा डी, डहलोनेग्याचा. मी हात पुढे केला तर थर्लोनं हळूच मनगट धरलं. नाणं कडेनं धरावं म्हणे, तोंडाला बोट लावायचं नाही. मग पांढरे हातमोजे घालून त्यानं ते उचललं आणि त्या बाईला सुप्रभात म्हणाला. गंमत वाटली मला.

११ मार्च
त्या बाईला सुप्रभात रोज म्हणतो. कॉफीच्या आधी. मला नंतर.
थर्लोची बहीण नेटी आली होती, तोंडाची फटकळ. मला म्हणे, वहिनी, तुझी सवत पेटीत राहते बरं, आणि तिला सुरकुत्याही पडत नाहीत. मी हसले. पीच घातलेल्या केकचा तुकडा तिला मोठा कापून दिला. ती गेल्यावर एकटीनं पेटी उघडली नि भिंतीवरच्या फोटोतल्या व्हर्लीनशी ताडून पाहिलं. तेच नाक. तीच हनुवटी. नाणं शंभर वर्षांहून जुनं, असं कसं होईल.

१५ मार्च
नवा निळा झगा घातला. थर्लो भिंग लावून नाण्यातल्या तिच्याकडे बघत होता. इतक्या मायेनं माझ्याकडे आयुष्यात कुणी बघितलं नाही, दोन लग्नं केली तरी. विचारलं, मी कशी दिसते. छान, म्हणाला. मान वर केली नाही.

१६ मार्च
लिहूनच टाकते. थर्लो चर्चात गेला तेव्हा मी ते नाणं काढलं, खाण्याचा सोडा घेतला, जुना दातांचा ब्रश घेतला आणि घासलं. त्याला सांगणार होते की मळकट झालं होतं, चमकवून दिलं. मनात ते नव्हतं. मनात होतं ते तिचं नाक.
नाक गेलं. अंबाडाही गेला. इतक्या लवकर सोनं झिजत नाही, मला कळतं तेवढं. खाली पिवळं पाणी आलं आणि सिंकमध्ये गेलं.

१७ मार्च
तो रागावला असता तर बरं झालं असतं. गुळगुळीत चकती हातात घेऊन बसला. म्हणे, सोन्यावर इतक्या वर्षांची साय असते आयडेला, तीच त्याचा जीव, जमवणारा माणूस कधी नाणं धूत नाही. मग हळूच म्हणाला, आता ती राहील कुठं?

२० मार्च
स्वयंपाकघरात गार्डेनियाच्या फुलांच्या पावडरीचा वास. मी पावडर लावत नाही. खुंटीवरचा ॲप्रन ओला.
मान आखडली आहे. तोंड एकाच बाजूला वळतं.

२२ मार्च
बोटांची टोकं पिवळी, हिरवट पिवळी, इथल्या सोन्यासारखी. सोड्यानं घासली. जात नाही.
आज थर्लोनं मला सुप्रभात आधी म्हटलं. लाज वाटते लिहायला, पण हरखले.

२४ मार्च
नेटी आली. माझ्या शेजारून गेली, पाहिलं नाही. आत जाऊन म्हणाली, व्हर्लीन, तुझ्या बिस्किटांची चव कुणाला यायची नाही गं. आतून कुणीतरी हसलं. नेटीही हसली. मी हाक मारायला गेले, ओठ हलेनात —
टेबलावर ताटल्या दोनच.

२५ मार्च
मार्नीला पत्र लिहायचं होतं. हात जड. पेन्सिल कशीबशी —
झोपले तरी मान वळत नाही. अंबाडा घट्ट बसलाय, मी घातला नव्हता —

२६ मार्च
दोघं दारात आहेत. फोटोतली ती ॲप्रनला हात पुसते आहे. पेटी उघडी आहे, मधली जागा रिकामी.
थर्लोनं पांढरे हातमोजे घातले. मला दोन्ही कोपरांशी धरतो, कडेनं, तोंडाला हात न लावता. भिंग काढून डोळ्याला लावलं. आणि बघतो आहे, माझ्याकडेच, किती मायेनं बघतो आहे, मार्नी, तुला कसं सांगू, असं मला आजवर कुणी —