अटकेच्या तयारीचे दिवस

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ११.
कोर्टाचा माणूस आला. समन्सचा कागद दिला, सही घेतली, पाणी प्याला, गेला. कागदावर इंग्रजीत माझं नाव. विठ्ठलराव, रिटायर्ड सीनियर असिस्टंट, तहसील ऑफिस, आदिलाबाद. त्याच्यापुढे शब्द: अक्यूज्ड. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरवले. आज पहिल्यांदा कोणी माझ्या नावाचा फिरवला. सही वाकडी आली. थंडीमुळे. आदिलाबादची थंडी फेब्रुवारीतही असते.

दुपारी १.
घटना लिहून ठेवतो. पुढे वाद नको. २६ जानेवारीला स्टेडियमवर ज्येष्ठ नागरिकांची चालण्याची शर्यत झाली. पाच स्पर्धक. पहिले सुधाकरराव, दुसऱ्या जयवंताबाई, तिसरे माणिकराव, चौथा मी. पाचव्याला मध्येच फोन आला. त्याच दिवशी कॉलनीच्या व्हाट्सॲप ग्रुपवर मी सत्य लिहिलं: ‘सुधाकरराव चालले नाहीत, पळाले. त्यांचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीच्या वर होते. मी मागून स्वतः पाहिलं. हे पदक पळपुट्याचं आहे.’ यात बदनामी कुठे आहे? तरी सुधाकररावांनी माझ्यावर फौजदारी दावा ठोकला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. अकरा वर्षं हा माणूस रोज सकाळी माझ्यासोबत फिरला. रिटायर्ड ड्रिल मास्तर आहेत, तीस वर्षं पोरांना चालायला शिकवलं. ‘पळपुटा’ शब्द लागला म्हणतात. लागणारच. खरा आहे.

संध्याकाळी ६.
बायकोला, विनोदिनीला, कागद दाखवला. घाबरेल म्हणून आधी खुर्चीत बसवलं. तिने वाचला आणि म्हणाली, सॉरी लिहून टाका, दोन अक्षरं आहेत. मी तत्त्व समजावलं. ती म्हणाली, तत्त्व समजलं, आता हरभऱ्याची भाजी आणा. अटक तोंडावर असलेल्या माणसाला भाजी आणायला लावते. आणली. मागच्या रस्त्याने.

११ फेब्रुवारी.
वकील भार्गवकडे गेलो. माझ्या मित्राचा मुलगा, मला काका म्हणतो. कागद वाचून हसला. म्हणाला, “काका, ही प्रायव्हेट कंप्लेंट आहे. पोलीस यात नाहीतच. तारखेला कोर्टात जायचं, आपलं म्हणणं सांगायचं. कलमही बेलेबल आहे.”
मी सरळ हिशोब मांडला. बेलेबल म्हणजे बेल लागते. बेल कधी लागते? अटक झाल्यावर. म्हणजे अटक ठरलेली. त्याने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मुद्दा पटला असणार. ॲण्टिसिपेटरी बेल, म्हणजे अटकेआधीचा जामीन, टाक म्हटलं. गरज नाही म्हणाला. आजकालच्या वकिलांना महत्त्वाकांक्षा नाही.

१२ फेब्रुवारी.
बॅग भरली. दोन बनियन, बीपीच्या गोळ्या, जवसाची चटणी, कानटोपी. संकल्प: तुरुंगात आत्मचरित्र लिहायचं, वजन सात किलो उतरवायचं, उर्दू पक्की करायची. जुन्या कचेरीतली निम्मी उर्दू येतेच. बाहेर येऊन मग काय ते लोक ठरवतील. नगरपालिकेची निवडणूक कधी आहे ते विचारून ठेवलं.
झोप उत्तम लागली. तीनदा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
गनिमी कावा. स्वतः पोलीस ठाण्यात गेलो. वर्दीतल्या माणसाला तेलुगूत विचारलं, माझ्या नावावर काही आहे का. त्याने रजिस्टर पाहिलं, कॉम्प्युटर पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाला, काही नाही, घरी जा. चहा पाजला. चहा पाजला, याचा अर्थ मी समजतो. गाफील ठेवताहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
निर्णय घेतला. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. तेलंगणाच्या पोलिसांना तिथे हात लावता येत नाही, निदान लगेच. कानटोपी, काळा चष्मा, तोंडावर रुमाल. बसमध्ये चढताच कंडक्टर म्हणाला, नमस्ते विठ्ठलराव सर, उन्हात कानटोपी? जुनी ओळख, त्याच्या जमिनीच्या कागदांचं काम मी केलं होतं. लोकप्रियता ही फरारी माणसाची शत्रू.
पुलावर बस आली तेव्हा मागे वळून पाहिलं. कोणी पाठलाग करत नव्हतं. फार चलाख आहेत.

त्याच दिवशी, पांढरकवडा. संध्याकाळी ५.
थोरल्या बहिणीकडे, चंपाबाईकडे उतरलो. तिने दारातच विचारलं, काऊन आला रे? मी खालच्या आवाजात म्हणालो, अटक होणार आहे. तिला ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. शेजारी तिघं बाहेर आले.
“काय केलं तू?”
“बोललो.”
“बोलल्यानं अटक होत असती तं तुले पाळण्यातूनच नेलं असतं,” चंपाबाई म्हणाली. “हातपाय धू, भाकर खाय.”

२० फेब्रुवारी.
भूमिगत. दिवसातून फक्त दोनदा बाहेर जातो, चौकातल्या टपरीवर. तिथल्या लोकांना सांगून ठेवलंय की मी इथे आहे हे कोणालाही सांगू नका. सगळ्यांनी वचन दिलं. एकाने विचारलं, तुम्ही कोण?

२४ फेब्रुवारी, सोमवार.
आज कोर्टाची तारीख. गेलो नाही, डावपेच म्हणून. दुपारी भार्गवचा फोन. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, ते कुठे आहेत? भार्गवने बाहेरगावी सांगून वेळ मागितला. पुढची तारीख २४ मार्च. “काका, आता आला नाहीत तर साधं प्रकरण तुम्हीच अवघड कराल.”
मी विचारलं, सुधाकरराव आले होते का? म्हणाला, साडेनऊपासून बाकावर बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीचा.
तो शर्ट ते लग्नालाच घालतात.
चंपाबाईने दोनदा जेवायला हाक मारली. भूक नव्हती. ॲसिडिटी असावी.

२६ फेब्रुवारी.
चंपाबाई म्हणाली, उद्यापासून हरभरा काढायचा हाय, बसूनच हाय तं येजो वावरात. संध्याकाळपर्यंत परिस्थिती निवळल्याचं माझ्या लक्षात आलं. शेवटच्या बसने आदिलाबाद.
विनोदिनीने दार उघडलं. येताना ब्रेड आणा सांगायला फोन केला होता, का उचलला नाही, म्हणाली. फोन ट्रॅक होतो, हे तिला कोण सांगणार.

५ मार्च.
भार्गवच्या ऑफिसात सलग तिसरा दिवस बसलो. त्याच्या बाकीच्या अशिलांना कायदा समजावून सांगत होतो. जेवणाच्या सुमारास तो बाहेर आला आणि म्हणाला, टाकतो तुमची ॲण्टिसिपेटरी बेल, पण उद्यापासून इथे बसू नका. चिकाटीचा विजय.
ॲफिडेव्हिटमध्ये त्याने लिहिलं होतं, ‘मला अटकेची भीती वाटते.’ मी भीती खोडायला लावली. मला भीती वाटत नाही. आशंका लिही म्हटलं. तो म्हणाला, इंग्रजीत एकच शब्द आहे.
अर्जात एक रकाना आहे: पोलीस ठाणे आणि गुन्हा नंबर. तिथे काय लिहायचं? भार्गवने आडवी रेघ मारली. मला ती रेघ आवडली नाही.

१२ मार्च, बुधवार. दुपारी २.
सेशन्स कोर्ट. नवीन शर्ट. जज्जसाहेबांनी अर्ज उचलला आणि आधी त्या रेघेवरच बोट ठेवलं. कोणतं ठाणं? कोणतंच नाही. कोणता गुन्हा नोंदला? नोंदला नाही. मग कोण अटक करतंय? भार्गव माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीकडे.
मग सरकारी वकील उठले. म्हणाले, या गृहस्थांबद्दल सरकारला काहीही म्हणायचं नाही.
चौतीस वर्षं सर्विस. आणि काहीही म्हणायचं नाही.
जज्जसाहेब सौम्यपणे म्हणाले, मॅजिस्ट्रेटने बोलावलं की यायचं असतं. बोलावणं म्हणजे अटक नाही. कलम बेलेबल, पोलीस मधे नाहीत, हा अर्ज चालत नाही. दोन मिनिटं लागली. आमच्यानंतर एका डुकराच्या चोरीचं प्रकरण होतं, त्याला वीस मिनिटं दिली.
बाहेर येऊन भार्गवला म्हटलं, म्हणजे अर्ज फेटाळला. म्हणजे आता मला संरक्षण नाही. त्याने स्कूटी सुरू केली.

१४ मार्च. होळी.
दरवर्षी पहिला रंग सुधाकरराव लावतात. सकाळी सात वाजता, बेल न वाजवता, गेटवर काठी आपटून. आज दार आतून बंद ठेवलं, मुद्दाम. दहापर्यंत आतल्या बाजूला उभा होतो. कोणी गेट वाजवलं नाही.
विनोदिनीने कपाळाला टिकली एवढा गुलाल लावला.

२२ मार्च.
भाषण तयार. नऊ पानं. चालण्याचं शास्त्र, पायाची रचना, सत्याची किंमत. आरशासमोर बोललो तर चाळीस मिनिटं. विनोदिनी मधेच उठून कुकर बघायला गेली. कुकर लावलेला नव्हता.

२४ मार्च, सोमवार.
हाजिर झालो. बॅग सोबत. गेटवरच्या शिपायाने विचारलं, गावाला चालले का.
बाकावर पलीकडच्या टोकाला सुधाकरराव. पांढरा शर्ट. बारीक झालेत. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही पाहिलं, तीन-चार वेळा.
पुकारा व्हायच्या आधी भार्गवला म्हटलं, समन्समधला तपशील वाचून घे. तो म्हणाला, समन्स नाही हो काका, ही नोटीस आहे. नव्या कायद्यात केस दाखल करून घ्यायची की नाही हे ठरवायच्या आधी तुमचं ऐकतात. घेतली तर मग समन्स. आणि त्याने कागदावर बोट ठेवलं. अक्यूज्डच्या आधी एक शब्द होता: प्रपोज्ड. मी अजून आरोपी नाही. होऊ घातलेला आहे.
दीड महिना मी लोकांना समन्स, समन्स सांगत होतो. अख्ख्या पांढरकवड्याला.
आत मॅजिस्ट्रेटसाहेबांनी नऊ पानं पाहिली आणि विचारलं, थोडक्यात सांगता का. मी म्हणालो, त्यांचे दोन्ही पाय वर होते. साहेब म्हणाले, बसा. निकाल ७ एप्रिलला.

३० मार्च. पाडवा.
आता मनाची पूर्ण तयारी. समन्स येऊ दे. यायलाच हवं. इतकं होऊन समन्सही नाही आलं, तर कॉलनीत काय राहिलं? मॅजिस्ट्रेटसाहेब माणूस ओळखणारे वाटले. माझ्याकडे पाहताना थबकले होते. गेटजवळ एक ट्यूब लावली, समन्सवाल्याला नाव नीट दिसावं म्हणून.

७ एप्रिल, सोमवार.
दावा फेटाळला. मी सुटलो.
भार्गवने मिठी मारली. विनोदिनीला फोन केला, ती बरं झालं म्हणाली. मी आनंदात आदेशाची प्रत मागितली. मागायला नको होती.
सुधाकररावांनी आधी दोन साक्षीदार दिले होते. जयवंताबाई आणि माणिकराव. माझी पोस्ट वाचून सुधाकररावांबद्दल वाईट मत झालं, हे त्यांनी सांगायचं होतं. जयवंताबाई शपथेवर म्हणाल्या, विठ्ठलरावांचे दिवसाला चाळीस मेसेज येतात, ग्रुपमधल्या सगळ्यांनी त्यांना म्यूट करून ठेवलं आहे. हा मेसेज दिसला तेव्हा मी हसले. माणिकराव म्हणाले, मी वाचला, पण विठ्ठलरावांनी लिहिलंय म्हणून मनावर घेतला नाही. शर्यतीत ते इतके मागे होते की त्यांना पाय दिसले असतील असं वाटत नाही.
कोर्टाने लिहिलं: सदर मजकुरावर कोणीही विश्वास ठेवलेला नाही. सबब फिर्यादीची बदनामी झालेली नाही.

८ एप्रिल.
भार्गवला विचारलं, या आदेशावर वरच्या कोर्टात जाता येईल का? तो म्हणाला, सुधाकररावांना येईल. मी म्हणालो, मला. तो म्हणाला, काका, तुम्ही सुटला आहात. सुटल्याबद्दल तक्रार कोणी करत नाही. बघ कुठे तरतूद सापडते का, म्हटलं. त्याने पाणी मागवलं. माझ्यासाठी.

९ एप्रिल. संध्याकाळी.
मग एकच मार्ग. सुधाकररावांनीच पुढे लढायला हवं. सरळ त्यांच्या घरी. विनोदिनी सोबत आली, मी न बोलावता.
वाटलं होतं माणूस खचलेला असेल. गेटवरच पेढे. भिंतीवर आदेशाची प्रत, फ्रेम करून.
मी म्हणालो, तुमच्यावर अन्याय झालाय, अपिलात जा.
“काऊन जाऊ?” सुधाकरराव म्हणाले. “मी पळालो ह्यावर कोणाचाच विश्वास नाही, असं कोर्टानं लिहून देल्लं. सही-शिक्क्यानिशी. मले तेवढंच पाह्यजे होतं. तीस वर्षं पोरांले शिकवलं, विठ्ठलराव. लोकं काय मनत असतील, असं वाटून झोपच नोती येऊन राह्यली.”
मी म्हणालो, पण कायद्याने मी जिंकलोय.
“हो ना,” ते म्हणाले, “तुमी बी जिंकले. घ्या पेढा.”
एवढ्या चांगल्या मनाने दिल्यावर नाही म्हणता येत नाही. विनोदिनीने दोन घेतले. निघताना ते म्हणाले, उद्या सहाला निघतो. मी म्हटलं, विचार करून कळवतो.

१० एप्रिल, गुरुवार. सकाळी ७.३०.
गेलो होतो, सुधाकररावांसोबत. स्टेडियमच्या कोपऱ्यावर जयवंताबाई भेटल्या. कोर्टाचं नाव न काढता म्हणाल्या, दोन महिने दिसला नाही. गुडघा दुखून राह्यला होता का?
हो म्हणालो. डावा.