पुतळीच्या चुलीखालची जागा

मी, गिरजाबाई जगन मरवडे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार निडी, तालुका रोहा, जिल्हा रायगड, माझे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोक्याने मी शाबूत आहे. गुडघा धरला आहे, पण त्याचा कायद्याशी संबंध नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणून घरात दोन दिवस अबोला चालू आहे. रोह्याच्या वकीलसाहेबांनी एक नमुना दिला होता. त्यात माणसाला बोलायला जागाच नव्हती, म्हणून सुरुवातीपुरता त्यांचा घेतला, पुढचे माझे.

कलम १. मला मुले दोन. काळुराम कंपनीत कामाला आहे आणि माझ्याजवळ राहतो. शकू कोलाडला दिली आहे. माझे यजमान वारले, पण त्याआधीच त्यांनी घर, घरामागची वाडी आणि भातशेती माझ्या नावावर करून ठेवली होती. त्यातली भातशेती दोघांना निम्मी निम्मी. शकू म्हणेल, ‘मला काय नको गं आये.’ ती भिडेची आहे. काळुरामने ते खरे धरून गप्प बसू नये. त्या शेतात तिने लग्नाच्या आदल्या पावसाळ्यापर्यंत लावणी केली आहे आणि हा तेव्हा बांधावर छत्री धरून उभा असायचा.

कलम २. बँकेत असेल त्यातून आधी माझे दिवस करावेत, गावजेवण घालू नये. उरेल ते नातवंडांच्या शिक्षणाला. तांब्याचा हंडा सुनेला, तिने तो इतकी वर्षे माझ्यापेक्षा चांगला घासला आहे. माझा कोयता शकूला. काळुरामने मागू नये, त्याने तो एकदा पत्र्याचा डबा फोडायला घेतला होता.

कलम ३. राहते घर आणि घरामागची वाडी काळुरामला. मात्र वाडीबरोबर तिची वईही येते, आणि वईबरोबर तिचे नियम येतात. काळुराम शिफ्टच्या भोंग्यावर मोठा झाला, म्हणून लिहून ठेवते.

आमच्याकडे कुंपणाला वई म्हणतात. भात कापून झाले की वालाच्या पेरणीआधी ती बांधायची. खांब रोवायचे, मध्ये कामट्या आणि काटेरी फांद्या भरायच्या, सुंभाने आवळायच्या. दोन शेजाऱ्यांच्या मधली वई दोघांची. आमच्या वाडीत ओढ्याकडची निम्मी आमची, रस्त्याकडची निम्मी शेजारच्या बामुगड्यांची. काटे परक्याच्या बाजूला आणि सुंभाच्या गाठी आपल्या बाजूला, हा गावकीचा नियम. गाठी ज्याच्या बाजूला, वई त्याची. दुसऱ्याच्या वाटणीची वई कोणी लागोपाठ तीन हंगाम बांधली आणि गाठी स्वतःच्या बाजूला मारल्या, तर ती वई आणि वईपर्यंतची जागा गावकी त्याची मानते. वाल निघाले की वई उघडायची. मग गुरांना आणि माणसांना सगळीकडून वाट.

आणखी एक नियम, ज्यावरून माझे निम्मे आयुष्य भांडण्यात गेले. खांब सुकाच रोवायचा, हिरवा नाही, कारण हिरवा खांब रुजतो. चौऱ्याहत्तर साली शेजारच्या पुंडलिक बामुगडेने पांगाऱ्याचे हिरवे खांब रोवले. त्याचा बाप त्याच आठवड्यात गेला होता आणि वईसाठी जमवलेले सुके लाकूड सगळे सरणाला लागले. हे मला ठाऊक होते. तरी मी गावकीत उभी राहिले, कारण नियम तो नियम. गावकीने त्याला दंड केला, दर शिमग्याला देवळात एक नारळ, खांब उपटेपर्यंत. पुंडलिक मरेपर्यंत नारळ देत राहिला, खांब काही उपटला नाही. नियम माझ्या बाजूने होता आणि आजही आहे, हे इथे नोंदवते.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. मागल्या दिवाळीनंतर मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शकूकडे होते. तेवढ्यात काळुरामने सरकारी मोजणी आणली. मी परत आले तर अंगणात जांभ्या चिऱ्यांचा ढीग आणि पुंडलिकच्या बायकोच्या, म्हणजे पुतळीच्या, स्वयंपाकघराच्या भिंतीवर चुन्याची रेघ.

काळुराम म्हणाला, “आये, आपली हद्द तिच्या चुलीखालनं जाते. एवढी वर्सं आपल्या जागंत रांधतेय ती. म्या कंपाउंड घालणार, पक्का.”

मोजणी खोटी नाही. ते कसे झाले तेही मला माहीत आहे. सुक्या खांबांची वई दर वर्षी नवी होते. जुना खड्डा भुसभुशीत झालेला असतो, म्हणून माणूस नवा खड्डा शेजारी खणतो आणि खणताना आपल्या बाजूला उभा असतो. मग खांब चार बोटे पलीकडे जातो. हे कोणी लबाडीने करत नाही, हाताचे वळणच तसे. माझे सासरे लवकर गेले. पुढे बरीच वर्षे आमच्या वाटणीची वईसुद्धा पुंडलिकचा बाप उपकार म्हणून बांधायचा, आणि वई आमच्या अंगावर चालत आली. बापामागे पुंडलिकने दोन्ही वाटण्यांत रोवलेले पांगारे रुजले तेव्हा ती चालायची थांबली. ज्या खांबांवरून मी भांडले, त्यांच्यामुळेच तिथून पुढे आमची बोटभर जागा गेली नाही. हे मला मोजणी झाल्यावर सुचले, आणि सांगायला पुंडलिक नव्हता.

चुन्याची रेघ पडली त्याच संध्याकाळी पुतळीने चूल फोडून बाहेर काढली. तिला मूल नाही, भाऊबंद पेणकडे मिठागरावर, बोलणारे कोणी नाही. ती मला म्हणाली, “दुसऱ्याच्या जागंत म्या भात नाय रांधायची गो.” तेव्हापासून ती परड्यात तीन दगडांवर रांधते. वर प्लास्टिक बांधले आहे. पाऊस आला की ते किती टिकेल, ते मला माझ्या मागच्या दारातून दिसते.

त्या मागच्या दारातूनच मी आणखी एक गोष्ट पाहिली. माझा गुडघा धरल्यापासून आमच्या वाटणीची वई कोण बांधते, याचा मी कधी विचार केला नव्हता. काळुराम गडी सांगत असेल असे वाटायचे. काळुरामला वाटायचे, आई सांगते. या हंगामात वालाच्या पेरणीआधी एका सकाळी पुतळी रस्त्याने वळसा घालून आमच्या वाडीत शिरली, ओढ्याकडच्या पांगाऱ्यांत काटेरी फांद्या भरल्या आणि सुंभाच्या गाठी आमच्या बाजूला मारल्या. गाठी जुन्याही तशाच होत्या, मी हाताने चाचपून पाहिल्या. तिने त्या स्वतःच्या बाजूला मारल्या असत्या तर गावकीने वईपर्यंतची जागा केव्हाच तिच्या पदरात टाकली असती. चूल फोडायच्या आधी एकदा गावकीत जाऊन बोलली असती तरी पुरे होते, वई कोण बांधते ते तिच्या बाजूच्या सगळ्यांनी पाहिले होते. ती बोलली नाही.

कलम ५. म्हणून मोजणीची रेघ आणि पांगारे यांच्यामधली सगळी जागा, तिच्यावरच्या स्वयंपाकघरासह, माझ्या पश्चात श्रीमती पुतळी पुंडलिक बामुगडे यांना मालकी हक्काने द्यावी. काळुरामने तिथे भिंत घालू नये. ग्रामपंचायतीच्या परवानगीवाचून आणि शेजाऱ्याला विचारल्यावाचून पक्के कुंपण घालता येत नाही. मी पंचायतीत सभासद होते तेव्हा तो ठराव मीच मांडला होता. चिरे आणलेच आहेत तर विहिरीचा कठडा खचला आहे, तो बांधावा. पांगारे तोडू नयेत.

कलम ६. वरचे सगळे आज सकाळी मी पुतळीला तिच्या परड्यात बसून वाचून दाखवले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “फुकट नको मला.”

मी म्हटले, “फुकट कसलं? वई कोन बांधतंय माझी?”

“तुजा गुडघा धरलाय,” ती म्हणाली. “गुरं शिरली तर वाल माझंबी खातील.”

मग तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, “म्हंजे तू मेल्यावर म्या आत रांधायचं?”

“व्हय.”

“मंग म्या काय रोज तुज्या दाराकडं बघत बसू गो? कवा मरतेस म्हणून?”

इतकी वर्षे शेजारी राहून, भांडून, एकमेकींची गुरे हाकून, आता तिने माझ्या मरणाची वाट पाहावी असा कागद मी करत होते आणि स्वतःला मोठ्या मनाची समजत होते. म्हणून कलम ५ मधला जागा देण्याचा मजकूर मी या कलमाने रद्द करते. भिंत, चिरे आणि पांगारे यांबद्दलचा मजकूर कायम. ती जागा मी जिवंतपणीच बक्षीसपत्राने देणार. उद्या सोमवार, रोह्याचे कार्यालय उघडे असते, रिक्षा सांगितली आहे. चूल पावसाआधी आत गेली पाहिजे.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकीलसाहेब म्हणाले होते. आता पुतळीला या कागदातून काहीही मिळत नाही. म्हणून दुसरी साक्ष तिची घेतली आहे.

हे मी लिहिले, दोघा साक्षीदारांसमोर वाचले आणि त्यांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

ठिकाण: निडी, तालुका रोहा
तारीख: १८ मे २००३, रविवार

सही: गिरजाबाई जगन मरवडे

साक्षीदार:
१. हैबतराव बाबाजी लोखंडे, राहणार निडी (सही)
२. पुतळी पुंडलिक बामुगडे, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा, कडेला लागले आहे ते भाकरीचे पीठ आहे, खाडाखोड समजू नये)