उंबऱ्यावरची तांबडी

बाबा, तांबडीला मी घरात घेतलं आहे. पुढच्या सपरीत नाही, गोठ्यात नाही, घरात. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा तांबडी तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. फुलसावंगीच्या बाजारातून परत येताना बैलबंडीच्या मागे मागे आलेली ही कुत्री. रंग विटेचा, एक कान मुडपलेला, आता चांगली पोक्त झाली आहे. तुमचा नियम मला पाठ आहे. कुत्र्यानं उंबरा ओलांडायचा नाही, दिवसभर साखळी, रात्री मोकळं, आणि भाकरीवर मिरचीचा ठेचा, म्हणजे राखणीचं कुत्रं तिखट होतं. तो नियम मी मोडला. का मोडला ते सांगायला बसलो आहे, क्षमा मागायला नाही.

सध्या कापसाचे दिवस वाईट आहेत. भाव नाही म्हणून माल दिग्रसला न्यायचा नाही, आणि न्यायचा नाही म्हणून घरात ठेवायचा. यंदा बैठकीची खोली पार वाशांपर्यंत भरली आहे. नातवंडं अंग खाजवत फिरतात, चुलीत कापसाच्या वाळक्या पराट्या सारताना ठिणगी उडेल म्हणून सून सारखी मागे वळून पाहते, आणि कोण कधी जेवेल याचा नेम राहिलेला नाही. मोठा मुलगा म्हणतो विकून मोकळे व्हा, मी म्हणतो थांबू. हे आम्ही एकमेकांना रोज ओरडून सांगायचो. तांबडी पूर्वी सपरीत खुशाल पसरलेली असायची. तिच्या जागेवर गाठोडी आली, आणि कापसाला राखण पाहिजे म्हणून मुलानं माळ्यावरची तुमची साखळी काढून तिला दारातल्या खुंट्याला बांधलं. माझ्या पाठीमागे ठेचाही सुरू झाला. तुम्ही असता तर म्हणाला असता, घर आता वळणावर आलं.

वळणावर आलं ते असं. तांबडी खुंट्याभोवती फिरायला लागली. एकाच बाजूनं, सारखी, इतकी की तिथल्या मातीत गोल खळगा पडला. पुढचा पंजा चाटून चाटून तिनं केस घालवले, आत लाल कातडी दिसायला लागली. ताट आपटलं की गुरगुरायची, आणि आमच्या घरात ताटं तेव्हा बरीच आपटत होती. मग एका सकाळी पलीकडचे दादाजी विळा मागायला आले. तेच, दर पौर्णिमेला तुमच्यासोबत माहूरला पायी जाणारे. आत माझं आणि मुलाचं जुंपलेलं होतं. त्यानं हातातला पाण्याचा गडवा भिंतीवर मारला, आणि नेमके त्याच क्षणी दादाजी साखळी ओलांडत होते. तांबडीनं त्यांची पोटरी धरली.

मी जखम साबणानं धुतली, त्यांना फटफटीवर बसवून फुलसावंगीच्या दवाखान्यात नेलं, सुया द्यायला लावल्या. डॉक्टर म्हणाले, कुत्रीला मारू नका, बांधून नजरेखाली ठेवा. पिसाळलेली असेल तर आठ-दहा दिवसांत आपली आपण मरेल. परत आलो तर अंगणात चार-पाच जण काठ्या घेऊन उभे, आणि तांबडी कुडाला चिकटून मुतलेली. मी दारात जाऊन उभा राहिलो. सगळे दादाजींच्या तोंडाकडे पाहत होते, कारण पाय त्यांचा होता.

दादाजी ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, "तुया बाप काळ्याच्या वेळेस काही बोलला नाही. 'न्या' म्हणे. झालं."

"बाबाचं कुत्रं बाबानं देल्लं, दादाजी. हे मी देत नाही. चावली, ते खरं हाय. पण तिले चावरं आमच्या घरानं केलं. मारायचंच असन त घराले मारा."

"घराले कसं मारावं बा?" मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. दादाजी हसले नाहीत. पायावरची पट्टी दाबून पाहत राहिले. मग म्हणाले, "ठेव मंग बांधून. मेली त मेली. पण मी रोज पाहाले येईन, अन् येईन त चहा लागन."

काळ्या. तुम्ही त्याचा विषय मला कधी काढू दिला नाही, आज मी काढतो. माझं वय तेव्हा दहाच्या आसपास असेल. आई बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळलेली होती. तोवर तव्यावरची शेवटची भाकरी ती काळ्याला स्वतः द्यायची, तोंडाशी नेऊन, काहीतरी पुटपुटत. ती पडल्यावर ते थांबलं. तुम्ही लांबून भाकरी फेकायचात, ठेचा लावलेली. घरात मोठी आत्या येऊन राहिली होती, तिचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जायचा, आणि तुम्हीही तिच्यावर ओरडायचात. काळ्यानं आत्याचा हात फोडला तो त्या दिवसांत. तुम्ही म्हणाला, जातच तशी. लोक त्याला नाल्याकडे घेऊन गेले, आणि मी गोठ्यात रडत होतो तर तुम्ही आत येऊन म्हणाला, "कुत्र्यासाठी कायले रडतं? माणसासाठी ठेव थोडं."

ठेवलं बाबा. या काही वर्षांत आपल्या भागात ते सगळं माणसांसाठी लागलं. तरी कुत्र्याच्या वाट्याचं उरलं. ते आटत नाही, तुमचा हिशेब चुकला होता. आणि जातही नव्हती ती. काळ्याच्या तोंडापुढून आईचा हात गेला होता आणि कानावर नुसता आरडाओरडा राहिला होता. जनावर घरातच राहतं, घराचंच खातं, मग घरात जे शिजतं ते त्याच्या अंगी लागणार नाही तर कुणाच्या?

तांबडीला गोठ्यात बांधलं आणि मी तिच्याजवळ बसू लागलो. घरात आवाज चढला की ती उठून फिरायला लागायची. संध्याकाळी मी दिवा लावून पोथी वाचायचो, तेव्हा तिची हनुवटी जमिनीला टेकायची. पोथी तिला कळते असं म्हणत नाही. त्या वेळी मी हळू बोलायचो, एवढंच. मग मी घरात सांगितलं, दिवेलागणीला सगळ्यांनी एकत्र जेवायचं, ठेचा बंद, आणि भांडायचं असेल तर वावरात जाऊन भांडायचं.

मुलगा म्हणाला, "मंजे आता कुत्रीले इचारून बोलाचं का, बाबा?"

"इचारू नको. हळू बोल."

बायको पदर तोंडाला लावून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. आम्ही बापलेक खरंच वावराच्या धुऱ्यावर जाऊन भांडून येऊ लागलो. भूक चांगली लागायची. कापूस आहे तिथंच आहे, भावही आहे तिथंच आहे. पण सपरीतली गाठोडी आम्ही दोघांनी मिळून हलवली. शेवटची भाकरी आता बायको हातानं देते, कोरडी, दुधाचा थेंब असला तर लावून.

डॉक्टरांचे दिवस संपले आणि तांबडी जिवंत होती. मी साखळी सोडली तेव्हा दादाजी काठी घेऊन बसले होते. ती त्यांच्यापाशी गेली, पट्टी हुंगली आणि तिथंच आडवी झाली. ते म्हणाले, "मी हिले माफ केलं नाही." आणि चहात बुडवलेला टोस्ट खाली धरला. पंज्यावर आता केस यायला लागले आहेत. खुंटा मी उपटला आणि तिला घरात घेतलं. गावात म्हणतात, याच्या घरी कुत्रीचं राज्य आलं. म्हणू देत.

तुम्ही देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर लावली, जन्मभर तिच्यापुढे हात जोडले. तिच्यात चार कुत्री आहेत, बाबा. एकाच्याही गळ्यात साखळी नाही. हे तुम्हाला कधी दिसलं नाही का, हे विचारायची माझी हिंमत तेव्हा नव्हती. आता आहे, पण कागद टाकायला पेटी नाही. त्याच तसबिरीच्या मागे ठेवून देईन.

एक मात्र सांगून टाकतो. पूजेच्या वेळी मी तिला अजून देवघराच्या उंबऱ्याबाहेरच बसवतो. तुमच्या धाकानं. ती बसते, पण हनुवटी उंबऱ्यावर ठेवते आणि नाक आत येतं. तेवढं मी पाहत नाही.