थोल

ता. ९, सोमवार

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. आम्ही ठीक. आईची भूक बरी आहे, जीभ त्याहून बरी आहे. लाँड्रीत नवं मशीन आलंय, पण ओल्या चादरी अजून हातानेच उपसाव्या लागतात.

मी तुला एकच विचारलं होतं, आईला कधी नेतोस? त्यावर तुझी चार पानं आली. दोनदा वाचली. त्यात काय, तर इंग्रजीत 'थोल' म्हणून एक जुनं क्रियापद आहे, आता फारसं कुणी वापरत नाही. अर्थ, सोसणे. मूळ त्याहून जुनं, उचलून धरणे. आपलं तोलणंही त्याच मुळातलं. आणि शेवटी, "ताई, हा शब्द शिकवताना वर्गात मी तुझंच उदाहरण देतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या असतील.

अरे, सोसलं कसलं? सोसायचं की नाही हे मला विचारलं कुणी? आईला बघायला दुसरा माणूस तूच होतास, तो तिकडे शब्द उकरत बसला. ते मूळ मात्र मला पटलं. आधी उचलणं, मग सोसणं. तू पहिलं गाळून थेट दुसऱ्यावर आलास, तेही माझ्या नावावर.

सकाळी मी आईला खाटेवरून खुर्चीत घेते. ती ओरडते, "हळू गं, मी काय चादरींचा गठ्ठा आहे?" मी म्हणते, "गठ्ठा नावं ठेवत नाही." मग माझ्या गळ्यात हात टाकून कानाशी विचारते, "त्याचं काही आलं का गं?" रोज. उचलते मी, वाट तुझी.

हे लिहायचं नव्हतं. गेल्या आठवड्यात उचलताना पाठीत काहीतरी सटकलं. दोघी खाली पडलो, मी खाली, ती वर. शेजारीण येईपर्यंत तशाच. डॉक्टर म्हणाले, पुन्हा वजन उचललंत तर तुम्हीही खाट धराल. आईला सांगितलं, पाय घसरला.

तर रविवारी गाडी ठरवली आहे. विचारत नाही, कळवतेय. ड्रायव्हर खालच्या दारापर्यंत आणेल. वरचे जिने तुझे. आधी तिचे हात आपल्या गळ्यात घ्यायचे, मग गुडघ्यातून उठायचं, कमरेतून नाही. ओरडेल. ओरडू दे.

आणि एक. तिकडे तुझ्या गळ्यात हात टाकल्यावर ती माझं विचारते का, तेवढं कळव. नाही विचारलं तरी कळव. चार पानं नकोत.

तुझ्या वर्गातलं उदाहरण,
ताई