मीटर आक्काच्या नावावर

३ मार्च २०२५, सोमवार
छतावर सहा पॅनल बसले. सोलरवाला राजशेखर म्हणत होता, काका, आधी मंजुरी येऊ द्या, मग बसवू. त्याला सांगितलं, बाबा, पंचवीस वर्षं मोटारी रिवाइंड करतोय. नुसत्या आवाजावरून सांगतो कोणती कॉइल जळाली. वीज ऑफिसातला शिपाईसुद्धा मला नमस्कार घालतो. मंजुरी आठ दिवसांत. गुढीपाडव्याला बटन दाबणार. अख्ख्या येडशीत सांगून टाकलंय.

७ मार्च, शुक्रवार
अर्ज परत. अर्जदार गोरोबा, बिलावर नाव मथुराबाई. मथुराबाई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. लोहाऱ्यात असते. दुकान तिच्या पत्र्याच्या खोलीत सुरू केलं. पुढं जागाही तिनं मला लिहून दिली, तिथंच दुकानावर घर बांधलं. मीटर तेवढं तिच्या नावावर राहिलं. किरकोळ बाब.
गेल्या वर्षी शाळेत भाषण केलं, लिंबाच्या झाडाखाली एका पान्यावर धंदा उभा केला म्हणून. झाड खोलीच्या दारातच होतं. म्हणजे खोटं काही नाही.

११ मार्च, मंगळवार
ऑफिसात वृषाली मॅडमना म्हटलं, तेवढं नाव आतल्या आत बदलून टाका. मॅडम म्हणाल्या, तसं होत नाही, बाईंची सही आणा. नाहीतर वारसाचा फॉर्म असतो. बाई हयात आहेत ना?
मी लगेच हो म्हणालो नाही.
किती वेळ थांबलो, ते लिहीत नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणालं, काकाला बहीण आठवंना. कान तीक्ष्ण असल्याचा हा तोटा.

१६ मार्च, रविवार
लोहाऱ्याला जाणार होतो. दुकानात गर्दी. महेश्वरी म्हणाली, गर्दी कसली, कूलरची एक मोटार आलीये. बायकोला धंद्यातलं कळत नाही.
आक्काकडं जाऊन सहा वर्षं झाली. वास्तुशांतीची पत्रिका तिला पोचली नाही, एवढंच झालं.
पाठवली नव्हती. आली असती तर चार लोकांत म्हणाली असती, हितंच माजी खोली होती.

३० मार्च, गुढीपाडवा
पॅनलशेजारी गुढी उभारली. चहावाला दगडोबा खालून ओरडला, काय गोरोबाशेठ, गुढीला तरी करंट आला का? लोक लई हसले. मीही हसलो, सगळ्यात मोठ्यानं.
उद्या लोहारा. नक्की.

९ एप्रिल, बुधवार
आज गेलो. बसमध्ये सगळं बोलणं पाठ केलं होतं. आक्कानं बोलूच दिलं नाही. आधी पाणी, मग ताट. कागद न वाचताच सही केली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. चष्मा लावून म्हणाली, तुजं बिल आलं बग. मीटर माज्या नावावर ना, मेसेज मलाच येतोय दर महिन्याला. कोरोनात लई कमी आलं, तवा म्हटलं दुकान बंद दिसतंय. आन त्याच्या आदल्या साली एका महिन्यात लई आलं. म्हटलं, घराची वास्तुशांत झाली असंल. भरल्याचा मेसेज आला की बरं वाटतंय. गोरबा बरा हाय म्हणायचं.
तांब्याभर पाणी प्यालो. ठेचा फार तिखट होता.
ठरलं. बटन आक्काच्याच हातानं दाबायचं. जीप करून आणायचं, पहिल्या खुर्चीवर बसवायचं, सगळ्यांना सांगायचं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
मंजुरी आली. नवं मीटर बसलं. नाव गोरोबा, मोबाइल नंबरही माझाच. शाळेचे हेडसर आले, बाजारातले सगळे दुकानदार आले. बरोबर बारा वाजता बटन दाबलं. मीच. भाषण झालं. लिंबाचं झाड आलं त्यात.
आक्काला आणणार होतो. पण एवढं ऊन, तिचे गुडघे. फोन करायचा होता, तर मंडप, पेढे, माईक, सगळं एकट्याच्या डोक्यावर.
महेश्वरी भाषण संपायच्या आधीच खाली निघून गेली. तिलाही ऊन लागलं असणार.

१२ मे, सोमवार
दुपारी सव्वादोन. आक्काचा फोन. आवाज घाबरलेला. म्हणाली, ह्या महिन्याला मेसेज न्हाय आला रं. बरा हायस ना?
डोक्यावर पंखा सोलरवर गरगरत होता. फोनभोवती हात धरला, पंखा तिला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणालो, बरा आहे आक्का. मंजुरीच अडकलीये, त्यात बिलही अडकलं. सोलर अजून चालू व्हायचंय.
ती म्हणाली, व्हईल रं, काळजी करू नगं. अजून सही लागली तर सांग. म्या येते एष्टीनं. तू उन्हाचा हिंडू नगंस.